ड्राइव्हवेसाठी मिठाचं पाणी की खडे मीठ?

मिनेसोटात नवं घर घेतलं की पहिल्या थंडीच्या आधी बहुतेकजण खडे मिठाची पिशवी आणून गॅरेजात ठेवतात. माझं म्हणणं आहे, शेजारी झाडांना फवारतो तो पंपही ठेवा.

बर्फ पडायच्या आदल्या दिवशी हायवेवर पांढऱ्या समांतर रेघा दिसतात. टँकरने सोडलेलं मिठाचं पाणी, म्हणजे ब्राइन, वाळून राहिलेलं असतं ते. घावन घालायच्या आधी आपण तव्यावर तेल फिरवतो, तसंच हे. बर्फ जमिनीला घट्ट धरत नाही, फावड्याने थर सुटून येतो. खडे मीठ कोरड्या काँक्रीटवर टाकलं तर खडे टणाटण उडून हिरवळीत जातात. शिवाय पाण्यात विरघळल्याशिवाय त्याचा उपयोग सुरूच होत नाही.

ब्राइन घरी करता येतं. 10 लिटर कोमट पाण्यात 3 किलो मीठ, म्हणजे साधारण 23 टक्के. या प्रमाणाला ते उणे 21 अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. मीठ आणखी वाढवलं तर उलट लवकर गोठतं, म्हणून अंदाजपंचे घालू नका. 600 चौरस फुटांच्या ड्राइव्हवेला दीड लिटर पुरतं आणि त्यात मीठ अर्धा किलोही नसतं.

पण बर्फाआधी पाऊस येणार असेल तर ब्राइन मारू नका, सगळं वाहून जातं. बर्फ एकदा घट्ट बसला की वरून ब्राइन मारूनही फायदा नाही. पातळ होऊन तेच पुन्हा गोठतं. तिथे खडे मीठच हवं, कारण खडा थर पोखरत खाली जातो. जमीन उणे 9 च्या खाली गेली की साधं मीठ दोन्ही रूपांत मंदावतं. मग कॅल्शियम क्लोराइड आणा, नाहीतर वाळू टाका. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय घसरत नाही. काँक्रीट यंदाच घातलं असेल तर पहिला हिवाळा वाळूवरच काढा.

मला ब्राइन आवडतं ते मुख्यतः तळ्यांसाठी. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण विभागाच्या हिशेबाने एक चमचा मीठ पाच गॅलन पाणी कायमचं दूषित करतं, आणि एकदा तळ्यात उतरलेलं क्लोराइड सहजी निघत नाही. उन्हाळ्यात आपली मुलं त्याच तळ्यांत पोहतात.

तेव्हा संध्याकाळी अंदाज बघा. रात्री कोरडा बर्फ असेल तर झोपण्याआधी पंप. आधी पाऊस असेल तर पिशवी दाराशी ठेवा, सकाळी आधी फावडं मारा आणि राहिलेल्या चकत्यांवरच मूठभर मीठ टाका.