एन-३ चे डोक्काई (वाचन): तादोकु की घड्याळ लावून सराव?

चवथ आटोपली की डिसेंबरच्या जेएलपीटीला, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेला, जेमतेम तीन महिने उरतात. तिची एन-३ ही मधली पातळी देणाऱ्यांची तक्रार ठरलेली: उतारे पुरे होत नाहीत. व्याकरण आणि वाचन मिळून ७० मिनिटे. व्याकरण २५ मिनिटांत उरकले, तर वाचनाला ४५. उतारे एकूण साधारण अडीच हजार अक्षरांचे. मिनिटाला ८० अक्षरे वाचणाऱ्याची नुसत्या पहिल्या वाचनात तीसेक मिनिटे जातात. मग प्रश्न कधी सोडवणार?

तादोकु म्हणजे सोपे आणि भरपूर वाचन. त्याने नजर खरोखर वेगवान होते. शब्दकोश उघडायचा नाही, अडले ते सोडून पुढे जायचे, कंटाळा आला तर पुस्तक बदलायचे. पानामागे दोन-तीनपेक्षा जास्त शब्द अडत असतील तर एक पायरी खाली उतरा. एन-३ वाल्यांना त्याखालच्या एन-४ चे पुस्तक हातात धरायला कमीपणा वाटतो, आणि गाडी तिथेच अडते. मडगाव-पणजी कदंब बसमधला वेळ याला पुरतो. मात्र फळ दिसायला महिने लागतात. शिवाय सगळीकडे फुरिगाना (कांजीचा उच्चार सांगणारी बारीक अक्षरे) असलेलेच वाचले, तर नजर कांजीवर, म्हणजे चिनी चित्राक्षरांवर, ठरतच नाही.

घड्याळ लावून केलेला सराव नजरेपेक्षा निर्णय सुधारतो. वाचनाच्या शेवटी येणारा जाहिरातीवरचा प्रश्न घ्या. आधी प्रश्न वाचा: बुधवारी संध्याकाळीच मोकळा असलेला, १५०० येनपर्यंत खर्च करणारा विद्यार्थी. तक्त्यातले न बसणारे वर्ग खोडा. मग तळाची फुलीची टीप न चुकता पाहा; 'साहित्याचे ५०० येन वेगळे' हे तिथेच दडलेले असते आणि बरोबर वाटणारा पर्याय बाद होतो. मोठ्या उताऱ्यातही प्रश्न आधी, पर्याय नंतर. 'शिकाशी' (परंतु) नंतरच्या वाक्यापाशी थांबा, लेखकाचे म्हणणे बहुधा तिथे असते.

रोज एक पेपर मात्र नको. पेपर संपतात, मग जुनेच पुन्हा सोडवले की आठवणीतल्या उत्तरांनाच आपण वेग समजतो. आठवड्याला दोन पुरेत.

निवड अशी करा: ५५० अक्षरांचा न पाहिलेला उतारा वेळेची मर्यादा न घालता, फक्त मिनिटे टिपून, शब्दकोशाशिवाय सोडवा. उत्तरे बरोबर, पण वाचनालाच सात-आठ मिनिटे लागली, तर मुख्य भर तादोकुवर. वाचन पाचाच्या आत होते, पण पर्यायांत घोटाळता, तर घड्याळ लावा. उत्तरेच चुकत असतील, तर दोन्ही बाजूला ठेवून आधी शब्द आणि व्याकरण पक्के करा. आणि वाचताना मनात इंग्रजी करू नका: कर्म आधी, क्रियापद शेवटी हा जपानीचा क्रम मराठीसारखाच आहे, तो उलटवण्यातच मिनिटे जातात.