प्रावरणाच्या प्रवाहाने किती उचललं? वजाबाकी की प्रवाहाचं गणित?

दक्षिण आफ्रिकेचं पठार 1 किमीहून उंच आहे, पण खालचं कवच (पृथ्वीचा सर्वांत वरचा खडकाळ थर) तेवढ्या उंचीला पुरेल इतकं जाड नाही. तिबेटखाली ते सुमारे 70 किमी भरतं. आफ्रिकेतल्या उरलेल्या उंचीचं श्रेय बऱ्याच अंशी प्रावरणातल्या, म्हणजे कवचाखालच्या सावकाश वाहणाऱ्या खडकाच्या थरातल्या, वर चढणाऱ्या प्रवाहाला दिलं जातं. ही प्रवाहाने दिलेली उंची वजाबाकीने काढायची की प्रवाहाच्या गणिताने, इथे नवे अभ्यासक अडतात.

वजाबाकीला साधने कमी लागतात: प्रत्यक्ष उंचीतून कवचाच्या जाडी-घनतेने मिळणारी उंची वजा करायची. खरी अडचण अचूकतेची. कवच 2800 आणि प्रावरण 3300 किग्रॅ/घनमीटर धरलं, तर जाडीतली 1 किमी चूक उंचीत सुमारे 150 मीटर येते. 5 किमी चुकलात तर 750 मीटर, म्हणजे शोधत होतो तेच बुडालं! समुद्रतळावर मात्र तळाच्या वयावरून अपेक्षित खोली ठरते. गाळाचा भार आणि कवचाची जाडी दुरुस्त केली की उत्तर भक्कम येतं.

प्रवाहाच्या गणितात भूकंपलहरींच्या वेगावरून प्रावरणाची घनता, आणि तिच्यावरून प्रवाह व उंची काढतात. जुन्या खंडांच्या मुळांत वेग जास्त असतो. त्याचं कारण केवळ थंडपणा, म्हणून जास्त घनता, समजलात, तर गणितात भूभाग खोटाच खाली ओढला जातो. म्हणून वरचे 200-300 किमी अनेकदा वगळतात. आजच्या उंचीला थरांच्या विष्यंदितेचं (वाहण्याला होणाऱ्या विरोधाचं) गुणोत्तर पुरतं. भूतकाळात जायचं तर विष्यंदितेचं प्रत्यक्ष मूल्य हवंच.

आजची उंची हवी, विशेषतः समुद्रात, तर वजाबाकीच घ्या. लाखो वर्षांचा चढउतार हवा, तर गणिताला पर्याय नाही. सह्याद्रीसाठी आधी वजाबाकी करा, आणि झिजेमुळे भार हलका होऊन कडा उचलला जातो तेही वजा करा.