दोन लाखांचं युरोपियन एअर पिस्तूल, आठ महिन्यांनंतर: सगळा जीव एका रबरी रिंगेत

रात्री 180 बार (हवेच्या दाबाचं एकक) दाखवणारा पिस्तुलाचा हवेचा सिलिंडर सकाळी 110 वर. पिस्तूल दोन लाखांच्या घरातलं, वापर आठ महिने आणि साधारण 9,000 पॅलेट, म्हणजे बारीक गोळ्या. बिघडलं काय, तर सिलिंडर पिस्तुलाला जिथे आट्यांवर बसतो तिथली ओ-रिंग. विक्रेत्याचं उत्तर: पूर्ण पिस्तूल पाठवा, सहा आठवडे लागतील. जिल्हा स्पर्धा तीन आठवड्यांवर असताना हे उत्तर ऐकून संताप येतो, आणि तो संताप या लिखाणात दिसणार आहे.

गळती नेमकी कुठे आहे ते आधी घरीच शोधा. सिलिंडर काढा, त्याच्या दाब-मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि रात्रभर बाजूला ठेवा. तापमान 10 अंशांनी उतरलं तर 180 बारचे 6 बार आपोआप कमी दिसतात, ती गळती नव्हे. त्याहून जास्त पडला तर दोष सिलिंडरच्या व्हॉल्व्हचा किंवा मीटरचा, आणि तो आपण उघडायचा नाही. आकडा जागेवर राहिला तर पिस्तूल रिकामं असल्याची खात्री करून सिलिंडर परत लावा आणि जोडावर ब्रशने साबणाचा फेस फिरवा. बुडबुडे तिथेच आले तर रिंग गेली. जोड कोरडा, पण बॅरलच्या तोंडाशी लावलेला फेसाचा थेंब हळूहळू फुगतोय, तर दोष मुख्य व्हॉल्व्हच्या सीटचा, म्हणजे शॉटची हवा सोडणारा व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या जागेचा. आणि थोडा वेळ थांबून मारलेला पहिला शॉट प्रत्येक वेळी वर लागत असेल तर रेग्युलेटर, म्हणजे शॉटचा दाब सारखा ठेवणारा भाग, सरकतोय. शेवटचे दोन दोष कारागिराकडेच न्यायचे.

रिंग मात्र स्वतः बदलता येते. साखर कारखाने आणि जेसीबी यांचा हा जिल्हा, हायड्रॉलिक सीलची दुकानं सोलापुरात आहेत, आणि रिंग दहा-वीस रुपयांची. पण काउंटरवर नुसती 'ही द्या' म्हटलं की बहुतेक वेळा 70 शोअरची (शोअर म्हणजे रबराच्या कडकपणाचं माप) मऊ रिंग हातात पडते. 200 बारच्या दाबाखाली ती फटीत ढकलली जाते आणि कडेने कुरतडली जाते. 90 शोअरचीच मागायची. माप जुन्या रिंगेवरून घेऊ नका. ती दबून चपटी झालेली असते, व्हर्नियरवर जाडी कमी भरते. खरेदी करतानाच विक्रेत्याकडून सगळ्या रिंगांची मापं लिहून घ्या. जुनी रिंग काढायला स्क्रूड्रायव्हर नको, खाचेवर एक चरा उठला तरी नवीन रिंगही गळणार. लाकडी टूथपिक पुरते. वर टाचणीच्या डोक्याएवढं सिलिकॉन ग्रीस. शिलाई मशीनचं किंवा इंजिनचं तेल उच्च दाबाच्या हवेजवळ न्यायचंच नाही: सील खराब होतात आणि पेट घेण्याचा धोका वेगळाच.

रिंग गेली कशामुळे? धूळ. सरावानंतर सिलिंडर काढून टोपण न लावता बॅगेत टाकला की ग्रीसला बारीक धूळ चिकटते आणि पुढच्या प्रत्येक फिरकीला तीच पॉलिश पेपरचं काम करते. थंड, स्वच्छ हॉलसाठी बनवलेल्या वस्तूला आपला एप्रिल-मे माहीत नाही. टोपण लावा, आटे कोरड्या सुती फडक्याने पुसा, सिलिंडर हातानेच घट्ट करा, पाना लावू नका. हे मॅन्युअलच्या पहिल्या पानावर हवं होतं. इतक्या महागड्या पेटीत सुट्या चार रिंगा आणि मापांची एक चिठ्ठी ठेवायला कंपनीला किती खर्च आला असता?

आता पैशाचा प्रश्न. स्टायर, मोरिनी, पार्डिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ यांचं वरचं मॉडेल घ्यायचं तर साधारण दोन लाखांच्या आसपास मोजावे लागतात. पहिल्या महिन्यात मत असं होतं की हे पैसे बॅरलचे आहेत. ते मत चुकीचं होतं. बायकलच्या आयझेडएच-46 एमसारखं, दर शॉटला लीव्हरने हवा भरायचं साधं पिस्तूलही शिकंज्यात धरून 10 मीटरवरून जवळजवळ एकाच भोकात मारतं. वेगातल्या फरकाचंही फार मनावर घेऊ नका. सेकंदाला 155 मीटरचा वेग 145 झाला तरी 10 मीटरवर पॅलेट फक्त 3 मिलिमीटर खाली लागते. लक्ष्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं आहे, आणि आपला हात त्याहून कितीतरी जास्त हलतो.

पैसे आहेत ते ट्रिगरचे आणि ग्रिपचे (मुठीचे), आणि तिथे मात्र ते वसूल होतात. नियमाने ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा हवा, म्हणजे तेवढा जोर लावल्याशिवाय सुटता कामा नये. तो दोन टप्प्यांत दाबला जातो: आधी थोडा सरकून अडतो, मग सुटतो. पहिल्या टप्प्यात 380-400 ग्रॅम आणि दुसऱ्यात उरलेले शंभर-सव्वाशे अशी विभागणी या पिस्तुलात एका ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) होते आणि आठ महिने तशीच राहते. बॅरल सरळ वर करून वजन उचलून पाहा. 500 वर काठावर नको, 515-520 ठेवा, नाहीतर स्पर्धेच्या तपासणीत अडकाल. स्वस्त ट्रिगरमध्ये दुसरा टप्पा कधी 100 ग्रॅमवर सुटतो, कधी 160 वर, आणि नेमबाज स्वतःच्या बोटाला दोष देत बसतो.

ग्रिप अक्रोडाची आहे, पण पेटीतून काढून तशीच वापरायची नसते. तळहाताला खडूची पूड लावून पकडा, लाकडावर जिथे पूड दाट उतरली तिथे 120 च्या पॉलिश पेपरने थोडं घासा, परत पकडा. पोकळी राहिली तर लाकडाची पुटी भरा. दोन-तीन रविवार यात जातात. हे न करता दोन लाख खर्च केले असतील तर निम्मे वाया गेले असं समजा.

उन्हाळ्यात 200 बार भरू नका. 25 अंशांना भरलेले 200 बार 45 अंशांना 213 होतात, आणि उन्हात बंद गाडीत 65 अंशांना 227. 180 वर थांबा. भरताना सावकाश भरा, सिलिंडर गरम होतो आणि थंड झाल्यावर आकडा उतरतो. पावसाळ्यात हातपंपाने भरत असाल तर ओलावा शोषणारा फिल्टर हवाच, नाहीतर आत पाणी साठतं. आणि वेल्डिंगच्या दुकानातला किंवा दवाखान्यातला ऑक्सिजन कधीही नाही. दाबाखाली ग्रीस आणि ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो. एअर पिस्तुलात फक्त कोरडी हवा.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हाताला फारच गोड लागतो, तरी सोलापुरात राहून मेकॅनिकलच घ्या. त्याचा सर्किट बोर्ड गेला तर इथे कोणी उघडणार नाही. मोठ्या मंचावरही पिस्तूल दगा देतं: 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत भारताची नेमबाज मनू भाकर हिचं पिस्तूल मधेच बिघडलं, मौल्यवान मिनिटं गेली आणि 575 गुणांवर अंतिम फेरी हुकली. मेकॅनिकल ट्रिगरचं स्प्रिंग आणि स्क्रू निदान डोळ्यांना दिसतात.

600 पैकी 540 च्या खाली स्कोअर असेल तर एवढे पैसे आत्ता घालू नका. निम्म्या किमतीत जुनं चांगलं पिस्तूल मिळतं आणि उरलेल्या पैशांत दोन वर्षांच्या पॅलेट येतात. फक्त जुनं घेताना सिलिंडरवर कोरलेली तारीख आधी वाचा. स्पर्धेत सिलिंडरला जास्तीत जास्त दहा वर्षं चालतात. 2017 चा शिक्का असलेला सिलिंडर 2027 ला बाद, बाहेरून कितीही चकचकीत दिसो. मालक पिस्तुलाच्या पॉलिशबद्दल बोलत राहील, तुम्ही सिलिंडर उलटा करून शिक्का बघा आणि नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा.