पिल्लांसाठीचा ओटमील शाम्पू : दोन महिन्यांच्या वापरानंतर

आमच्या चिंगीला पहिली आंघोळ ती दहा आठवड्यांची झाल्यावर घातली. फार लहान पिल्लाला अंगाची ऊब नीट राखता येत नसल्याने तोवर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानेच तिला पुसत होतो. पशुवैद्यांच्या सल्ल्याने २०० मिलिलिटरचा हा शाम्पू आणला. माणसाच्या त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप) ५.५च्या आसपास असतो, कुत्र्याच्या त्वचेचा मात्र त्याहून उदासीनतेकडे, म्हणजे ७ कडे झुकणारा, त्यामुळे आपला शाम्पू तिला लावणे योग्य नव्हे, हेही त्यांनीच सांगितले.

शाम्पूला फेस बेताचाच येतो, आणि हाच मला त्याचा गुण वाटतो, कारण तीन-चार तांबे पाण्यात केस स्वच्छ निघतात आणि टपात रबरी चटईवर थरथरत उभ्या असलेल्या पिल्लाची सुटका लवकर होते. पाणी कोपर बुडवून पाहिले, मानेपासून शेपटीकडे बोटांनी चोळले आणि तोंड नुसत्या ओल्या रुमालाने पुसले. त्यामुळे ‘डोळ्यांना झोंबत नाही’ या दाव्याची परीक्षा झालीच नाही, आणि ती मुद्दाम घ्यावी असेही वाटले नाही. पोटावरचा कोंडा तिसऱ्या आंघोळीपर्यंत दिसेनासा झाला.

तक्रार झाकणाची आहे. एका हाताने पिल्लू धरलेले असताना ओल्या अंगठ्याने ते उघडत नाही, म्हणून आता शाम्पू आधीच वाटीत पाणी घालून कालवून ठेवते. वासही जरा उग्रच आहे. टॉवेलने टिपून होताच चिंगी तो घालवण्यासाठी थेट पायपुसण्यावर लोळते.