आयबस की फायटिक्स ५? पॅकेज अंगावर घेण्याआधी

लिनक्स वितरणात बहुभाषिक टायपिंगचं पॅकेज सांभाळायला घेणार असाल, तर पहिला प्रश्न हाच येतो: कळांतून वेगवेगळ्या लिप्या उमटवणाऱ्या दोन प्रोग्रामांपैकी (त्यांना इनपुट पद्धत म्हणतात) कोणता घ्यायचा, आयबस की फायटिक्स ५? वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर दोन्हींत मराठी, हिंदी, जपानी, चिनी, सगळं उमटतं, कीबोर्ड बदलायची कळ आहे, सुचवण्यांची खिडकी आहे. मेंटेनरच्या, म्हणजे पॅकेज सांभाळणाऱ्याच्या, वाट्याला येणारं काम मात्र दोन्हींकडे फार वेगळं आहे. हा आढावा त्या कामाचा आहे, कारण मोठ्या उत्साहाने घेतलेलं पॅकेज दीड-दोन वर्षांत अनाथ झालं की त्रास लिहिणाऱ्यांनाच होतो, आणि तेही अशा भाषांत लिहिणाऱ्यांना ज्यांच्यापुढे फारसे पर्याय नसतात.

थोडी पार्श्वभूमी. आयबस २००९ मध्ये फेडोरा ११ सोबत फेडोराची ठरलेली इनपुट पद्धत झाली आणि २०१२ मध्ये ग्नोम ३.६ ने ती थेट डेस्कटॉपमध्ये जोडून घेतली. फायटिक्सची सुरुवात २००२ ची, तेव्हा ती फक्त चिनीसाठी होती. पाचवी पिढी सी++ मध्ये नव्याने लिहिली गेली, ५.० आवृत्ती २०२० मध्ये आली आणि डेबियनमध्ये ती ११ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२१ पासून आहे.

बिल्डपासून, म्हणजे सोर्समधून चालणारा प्रोग्राम बांधण्यापासून, सुरुवात करू. आयबसचा जवळजवळ सगळा गाभा एकाच सोर्समध्ये असतो: डीमन (मागे सतत चालणारा भाग), जीटीके (ॲपच्या खिडक्या बनवणारं साधन) ३ आणि ४ ची मॉड्यूल्स, एक्स या जुन्या पडदा-व्यवस्थेच्या ॲप्ससाठीचा पूल, सेटिंग्जची खिडकी, इमोजी निवडण्याची सोय. एक टारबॉल (सोर्सची गठडी) उतरवला की काम एका जागी राहतं. त्रास देतो तो इमोजीचा भाग. त्याचा कोश बिल्डच्या वेळी युनिकोडच्या आणि सीएलडीआरच्या (भाषावार माहितीचा युनिकोडचाच संग्रह) डेटा-पॅकेजांमधून तयार होतो. ही पॅकेजं नवी झाली आणि आयबसचं रीबिल्ड झालं नाही, तर नवे इमोजी शोधात येत नाहीत. बिल्ड हिरवंच दिसतं, त्यामुळे ही चूक तक्रार येईपर्यंत लक्षात येत नाही. युनिकोडची नवी आवृत्ती आली की रीबिल्ड करायचं, ही आठवण कॅलेंडरमध्येच घालून ठेवा.

फायटिक्स ५ चे तुकडे वेगवेगळ्या सोर्समध्ये आहेत. गाभा वेगळा, जीटीकेचा भाग वेगळा, क्यूटीचा (जीटीकेसारखंच दुसरं साधन) वेगळा, सेटिंग्जचं साधन वेगळं, चिनीची जोड वेगळी, एम१७एन या अनेक भाषांच्या मांडण्या पुरवणाऱ्या लायब्ररीची जोड वेगळी, आणि जुन्या एक्स ॲप्ससाठी लागणारी एक लायब्ररीसुद्धा स्वतंत्र. प्रत्येक तुकडा आटोपशीर आहे आणि सी-मेक या बिल्डच्या साधनाने सरळ बांधला जातो, पण अपस्ट्रीमने (मूळ सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी) नव्या आवृत्त्या सोडल्या की तुम्हाला अर्धा डझन पॅकेजं ओळीने, योग्य क्रमाने चढवावी लागतात. पहिल्याच बिल्डला एक अडथळाही येतो. गाभ्याच्या बिल्डला इंग्रजी स्पेलिंगचा कोश लागतो आणि तो आपसूक नेटवरून उतरवायला जातो. वितरणांच्या बिल्ड मशीनवर नेट बंद असतं, तेव्हा बिल्ड तिथेच पडतं. अपस्ट्रीम कोश आत घातलेला वेगळा टारबॉलही देतं, तो घ्या. यासाठी पॅच लिहीत बसायची गरज नाही.

खरा फरक दिसतो तो क्यूटीत. निर्णय घेताना सर्वांत जास्त वजन मी यालाच देईन. आयबसचं क्यूटी प्लगइन क्यूटीच्या मूळ सोर्समध्येच आहे. क्यूटीची नवी आवृत्ती आली की ते सोबत बांधलं जातं आणि ते काम क्यूटी सांभाळणाऱ्यांचं असतं. फायटिक्सचं प्लगइन स्वतंत्र आहे आणि ते क्यूटीचे खासगी हेडर वापरतं. हा खासगी भाग जसाच्या तसा ठेवण्याची हमी क्यूटी देत नाही, म्हणून क्यूटीची आवृत्ती बदलली की तुमचं रीबिल्ड आलंच. डेबियनमध्ये हे बंधन डिपेंडन्सीतच लिहिलेलं असतं. त्यामुळे क्यूटीचं ट्रान्झिशन, म्हणजे त्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजांचं एकत्र रीबिल्ड, सुरू झालं की तुमचं पॅकेज त्या यादीत येतं आणि निदान विसरलं तरी जात नाही. जिथे अशी नोंद नसते तिथे काय होतं ते पाहा: प्लगइन चढत नाही, क्यूटीच्या ॲपमध्ये फक्त रोमन अक्षरं उमटतात, पडद्यावर एकही सूचना येत नाही आणि वापरणाऱ्याला वाटतं आपलीच सेटिंग बिघडली. अशी तक्रार आली तर क्यूटी_डीबग_प्लगइन्स (QT_DEBUG_PLUGINS) हे व्हेरिएबल १ ठेवून ॲप टर्मिनलमधून चालवायला सांगा. प्लगइन सापडलं की नाही आणि का नाकारलं, हे तिथे स्पष्ट छापून येतं.

तोवर वेळ मारून न्यायची एक सोय फायटिक्सनेच करून ठेवली आहे. डी-बस या प्रोग्रामांमधल्या निरोप-व्यवस्थेवर तो आयबसची भाषाही बोलतो. क्यूटीला आयबसचं प्लगइन वापरायला सांगितलं आणि मागे फायटिक्स चालू असला, तरी टायपिंग होतं. पॅकेजच्या माहितीत ही ओळ अवश्य लिहा.

लायब्ररीच्या बाबतीत आयबस निवांत आहे: सी मध्ये लिहिलेली, आवृत्ती-क्रमांक वर्षानुवर्षं ५ वरच. फायटिक्सच्या सी++ लायब्ररींच्या चिन्हांची, म्हणजे बाहेरून वापरता येणाऱ्या फंक्शनांची, नावं ३२ आणि ६४ बिटवर वेगळी पडतात. म्हणून चिन्हांची तपशीलवार फाइल ठेवण्याचा हट्ट धरला की प्रत्येक आर्किटेक्चरवर नवं भांडण सुरू होतं. तो हट्ट सोडलेला बरा.

आता मराठीकडे. इनस्क्रिप्ट असो की आयट्रान्स, दोन्ही साधनांत या मांडण्या बहुतेक वेळा येतात त्या एम१७एन लायब्ररी आणि तिच्या डेटाबेसमधून. म्हणजे तुम्ही कोणतंही पॅकेज घेतलंत तरी त्याखालचं हे पॅकेज नीट आहे ना, हे तुम्हालाच पाहायचं आहे. एकच मांडणी आयबसमध्ये ‘एम१७एन:एमआर:आयट्रान्स’ म्हणून ओळखली जाते आणि फायटिक्समध्ये ‘एम१७एन_एमआर_आयट्रान्स’ म्हणून. त्यामुळे वितरणाने पूर्वनिवड बदलली तर लोकांची जुनी निवड आपोआप पलीकडे जात नाही. तसं होणार असेल तर ते प्रकाशन-टिपणात आधी सांगा. आयबसकडे आणखी एक बारकावा आहे. मांडण्यांची यादी तो कॅशमध्ये ठेवतो आणि कोणते फोल्डर बदलले की यादी नव्याने बनवायची ते एका एक्सएमएल फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तुमच्या वितरणात एम१७एनचा डेटा नेहमीच्या जागी नसेल तर तो पत्ता आधी तपासा, नाहीतर डेटाबेस अद्ययावत करूनही नवी मांडणी यादीत येणार नाही. निक्ससारख्या व्यवस्थेत, जिथे प्रत्येक पॅकेजचा पत्ता वेगळा असतो, दोन्ही साधनांना जोडण्यांसकट गुंडाळणारं आवरण लागतंच.

नवी आवृत्ती सोडण्याआधीची चाचणी मराठीत लिहिणाऱ्या मेंटेनरने स्वतः टाइप करून करावी. ‘वाऱ्यावर’ लिहा. अर्धा र दोन तऱ्हांनी साठवता येतो, नुक्त्याच्या ऱ ला हलंत जोडून किंवा र, हलंत आणि शून्य-रुंदीचा जोडक घेऊन. दोन्ही तऱ्हा जीटीके ३, जीटीके ४, क्यूटी ५, क्यूटी ६ आणि टर्मिनलमध्ये टाइप करून पाहा. मग बॅकस्पेस दाबा आणि काय-काय पुसलं जातं ते बघा. शब्द अर्धवट, अधोरेखित असतानाच दुसऱ्या खिडकीवर क्लिक करा आणि तो शब्द टिकतो की नाहीसा होतो ते पाहा. आपोआप चालणाऱ्या चाचण्यांत या गोष्टी सहसा पकडल्या जात नाहीत.

डेस्कटॉप कोणता, यावरही बरंच ठरतं. ग्नोम शेल आयबसशी थेट बोलतं. तिथे फायटिक्स चालतो, पण सुचवण्यांची खिडकी नीट दिसावी म्हणून किमपॅनेल हे एक्स्टेंशन टाकावं लागतं. केडीईच्या प्लाझ्मा डेस्कटॉपच्या वेलँड (एक्सच्या जागी आलेली नवी पडदा-व्यवस्था) सत्रात इनपुट पद्धत त्याचा विंडो मॅनेजर के-विन स्वतः सुरू करतो आणि फायटिक्स तिथे जास्त सहज बसतो. स्वेसारख्या विंडो मॅनेजरवरही माझा कौल फायटिक्सलाच. मात्र पॅकेजमधल्या जुन्या स्क्रिप्ट जीटीके आणि क्यूटीची इनपुट पद्धत ठरवणारी व्हेरिएबलं सगळ्या सत्रांसाठी सरसकट लावत असतील, तर त्या एकदा वाचून काढा. एक्सच्या काळात त्या गरजेच्या होत्या. प्लाझ्माच्या वेलँड सत्रात जीटीकेचं व्हेरिएबल सगळीकडे न लावण्याचा सल्ला आता खुद्द फायटिक्सच देतो.

तेव्हा, एकटे असाल, आठवड्याचे काही तासच हाताशी असतील आणि वितरणाचा मुख्य डेस्कटॉप ग्नोम असेल, तर आयबस घ्या. वितरण प्लाझ्माकडे झुकलेलं असेल, सोबत आणखी एक मेंटेनर असेल आणि क्यूटी सांभाळणाऱ्यांशी बोलणं-चालणं असेल, तर फायटिक्स ५ घ्या. त्यात अपस्ट्रीमकडून सुधारणा वारंवार येतात आणि सोर्स वाचायलाही स्वच्छ आहे. एकटे असून प्लाझ्माच्या वितरणात असाल तर आधी क्यूटीच्या गटाला विचारा, तुमचं प्लगइन त्यांच्या रीबिल्डच्या यादीत घ्यायला ते तयार आहेत का. नकार आला तर मी तरी ते पॅकेज एकट्याने घेणार नाही.

आणि ज्या बाजूने जाल, दुसऱ्या पॅकेजशी कॉन्फ्लिक्ट (दोन्ही एकत्र बसवता येत नाहीत अशी नोंद) जाहीर करू नका. दोन्ही एका यंत्रावर सुखाने राहतात, एका सत्रात चालू एकच ठेवायचं असतं, आणि ते ठरवण्यासाठी डेबियनमध्ये आयएम-कॉन्फिग व फेडोरात आयएम-चूझर आहेत. एकाच संगणकावर घरातल्या दोघांच्या सवयी वेगळ्या असतील तर दोघांनाही आपापलं साधन ठेवता आलं पाहिजे.