व्हर्टस, स्लाव्हिया, एन लाइनसाठी टायर: रुंदी नको, रबर बघा

टायरच्या दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, एक साइज मोठा टाकू का? गाडी भरलेली दिसेल." उत्तर नाही असंच द्यायचं. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आणि स्कोडा स्लाव्हिया १.५ या गाड्यांना कंपनीतून २०५/५५ आर१६ मिळतो, ह्युंदाई आय२० एन लाइनला १९५/५५ आर१६. (आकडे क्रमाने: मिमीतली रुंदी, साइडवॉलची म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, आणि रिमचा व्यास इंचांत.) दोन्ही मापांत निवडीला भरपूर माल आहे. हातातले पैसे मोजके असतील तर ते रुंदीत घालण्यापेक्षा त्याच मापाच्या चांगल्या रबरात घातलेले बरे.

आकडेच बघा. २०५/५५ आर१६ ची उंची ६३२ मिमी. दुकानदार आवडीने सुचवतो तो २१५/५५ आर१६ मात्र ६४३ मिमी. अकरा मिमीने चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर थोडा लांब होतो, पिकअप बोथट वाटतो आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवण्याकडे झुकतो. २२५/५० आर१६ ची उंची जवळपास मूळ टायरएवढीच, ६३१ मिमी, म्हणून तो कागदावर बसतो. पण वजन वाढतं, आणि साचलेल्या पाण्यावर रुंद टायर अरुंद टायरपेक्षा लवकर तरंगतो. जुलैत खोपोलीच्या पुढे पाण्याच्या चादरीवरून जाताना ही रुंदी काय कामाची? एन लाइनला २०५/५५ टाकणारे बरेच आहेत. उंचीतला फरक १.८ टक्के, सहा इंची रिमवर तो बसतोही. चालतो, पण मिळकत काही नाही. शिवाय स्टेपनी जुन्याच मापाची राहते हे लक्षात ठेवावं लागतं.

सतरा इंची अलॉयचा मोह वेगळा. २२५/४५ आर१७ ची साइडवॉल १०१ मिमी, २०५/५५ आर१६ ची ११३. त्या बारा मिमीतच आपले खड्डे झेलले जातात. सतरा इंचीत मिशेलिनचे पायलट स्पोर्ट ४ आणि ५ यांसारखे खरे स्पोर्ट टायर आवाक्यात येतात, हे कबूल. पण रिम वाकली, साइडवॉलला फुगा आला, की 'परवडणारे' हा शब्द संपतो.

आता 'समर टायर' या नावाबद्दल. युरोपात हा शब्द हिवाळी टायरच्या विरुद्ध वापरतात. पारा सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी रबर कडक होतं आणि पकड सुटते. जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींना दर ऑक्टोबरला टायर बदलण्याचं वेळापत्रक पाठ असतं. आपल्याकडे दुकानात जे मिळतं ते व्यवहारात उन्हाळीच. त्यामुळे इथे खरी निवड आरामाचा टायर की पकडीचा टायर अशी असते, आणि पकड बघायची ती दोन प्रसंगांत: मे महिन्यातल्या तापलेल्या काँक्रीटवर, आणि जूनच्या पहिल्या सरीत, जेव्हा रस्त्यावरचं तेल आणि धूळ मिळून साबण झालेला असतो.

साइडवॉलवर २०५/५५ आर१६ ९१ व्ही असं लिहिलेलं असेल तर ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो भार, आणि व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंतची मान्यता. एच म्हणजे २१०, टी म्हणजे १९०. कोण जातंय दोनशेवर, हा प्रश्न रास्त आहे. पण वरच्या अक्षराच्या टायरचा सांगाडा उष्णता जास्त सहन करतो, म्हणून कंपनीने व्ही दिला असेल तर स्वस्तात मिळतोय म्हणून एच घेऊ नका. ९४ आणि सोबत एक्सएल, म्हणजे जादा भाराची खूण, दिसलं तर साइडवॉल जास्त ताठ असते. वळणावर बरी, खड्ड्यात जाणवणारी. ट्रेडवेअरचा आकडाही छापलेला असतो: आकडा मोठा म्हणजे झीज कमी. पण तो प्रत्येक कंपनी स्वतःच जाहीर करते. एकाच कंपनीच्या दोन टायरची तुलना त्यावरून करा, दोन कंपन्यांची नको.

पर्यायांपैकी आमची पहिली पसंती कॉन्टिनेंटलच्या अल्ट्राकॉन्टॅक्ट यूसी६ ला. ओल्यात ब्रेक मारताना तो जितका विश्वास देतो तितका या किमतीत सहसा मिळत नाही, आणि स्टीअरिंग वळवल्याबरोबर गाडीचं नाक आत येतं. उणीव आवाजाची. नवा असताना शांत वाटतो, पण नक्षी अर्धी घासली की एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर गुणगुण वाढते. टर्बो गाडीत पुढची जोडी लवकर झिजते, कारण ओढणारी चाकंही तीच आणि वळणारीही तीच. व्हर्टसच्या दीड लिटर इंजिनाचे २५० न्यूटन-मीटर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये त्या जोडीवरच उतरतात.

मिशेलिन प्रायमसी ४ एसटी महाग आणि फार चांगला टायर आहे, पण दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी. शांतता हाच त्याचा विकायचा मुद्दा. ओल्यातही भरवशाचा. मात्र साइडवॉल मऊ, त्यामुळे घाटात एका वळणातून लगेच उलट्या वळणात शिरताना गाडी क्षणभर उशिरा झुकते. घरच्यांना मागच्या सीटवर झोप लागावी असं वाटत असेल तर हाच घ्या. योकोहामाचा ब्लूअर्थ-जीटी एई५१ या दोघांच्या मधला: स्टीअरिंगला प्रायमसीपेक्षा चटपटीत, आवाजाला यूसी६ पेक्षा सौम्य. अडचण आहे ती मिळण्याची. सरकारने जून २०२० मध्ये टायरची आयात 'मुक्त'वरून 'प्रतिबंधित' गटात टाकली, तेव्हापासून बाहेरून येणाऱ्या टायरचं एखादं माप अचानक गायब होतं आणि मग गोदामातला जुना माल पुढे केला जातो.

बजेट खरोखर घट्ट असेल तर अपोलो अॅस्पायर ४जी. कोरड्यात पकड अनपेक्षितपणे चांगली, ताशी शंभर-एकशेवीसला गाडी स्थिर. आवाज जास्त आणि ओल्यात यूसी६ पेक्षा एक पायरी खाली. तिथे अंतर थोडं जास्त ठेवून चालवायची तयारी हवी. व्हर्देस्टाइन हे डच नाव २००९ पासून अपोलोचंच. त्यांचा अल्ट्रॅक तुमच्या मापात दुकानात दिसला आणि भाव अॅस्पायरच्या जवळपास असेल, तर तो उचला. एमआरएफची परफिन्झा मालिका साइडवॉलला दणकट. गावाकडच्या रस्त्यांवर जास्त फिरणाऱ्यांनी तिचा विचार करावा.

भाव २०५/५५ आर१६ ला एका टायरमागे ढोबळमानाने सहा ते दहा हजार, शहर आणि दुकानाप्रमाणे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे. छापील किंमत जुनी असेल तर घासाघीस तिथून सुरू करा. भाव ठरवताना फिटिंग, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह आणि अलाइनमेंट धरून एकच आकडा विचारा. टायरवर पाचशे सोडून अलाइनमेंटमध्ये सातशे काढणारी दुकानं कमी नाहीत.

पैसे देण्याआधी टायर हातात घ्या. डॉट या अक्षरांनंतरच्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: १४२५ म्हणजे २०२५ चा चौदावा आठवडा. हे आकडे एकाच बाजूवर असतात, म्हणून टायर उलटून बघा. सहा-आठ महिन्यांचा माल हरकत नाही. दीड-दोन वर्षांचा असेल तर भाव पाडून मागा किंवा सोडा. आयएसआयची खूण आणि आयएस १५६३३ हा क्रमांक हवाच. रस्त्याकडेला 'कंपनीचा सेकंड' म्हणून मिळणारे टायर बहुतेकदा गोटा झालेले असतात. त्यात खोबणी पुन्हा कोरून काळं पॉलिश मारलेलं असतं. खोबणीच्या तळाशी असलेला १.६ मिमी उंचीचा उंचवटा कापला गेलेला दिसला की समजावं.

तो उंचवटा म्हणजे कायद्याची मर्यादा. नक्षी झिजून त्याच्या पातळीला आली की टायर संपला. आमच्या मते पावसाळ्याच्या तोंडावर खोली ३ मिमीच्या खाली असेल तर थांबू नये. नव्या टायरला आठ मिमीच्या आसपास असते. पाणी बाहेर फेकायला जागाच उरली नाही, तर रबर कितीही महागडं असून उपयोग नाही.

दोनच टायर बदलायचे असतील तर दुकानदार नवे पुढे टाकायला निघेल. इंजिन पुढे, ब्रेक पुढे, झीज पुढे, हे त्याचं म्हणणं ऐकायला पटतं. तरी नवे मागेच टाका. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, पाय उचलला की बऱ्याचदा सावरते. मागची सुटली तर गाडी फिरते, आणि ते सावरणं सगळ्यांना जमत नाही. चारही सारखे झिजावेत म्हणून दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे, मागचे पुढे करत राहा. मग हा वादच उरत नाही.

हवेबद्दल आपल्याकडे एक हट्टी गैरसमज आहे: उन्हाळ्यात हवा कमी ठेवायची, नाहीतर टायर फुटतो. नेमकं उलट आहे. हवा कमी असली की साइडवॉल प्रत्येक फेरीत जास्त दुमडते, त्यातून उष्णता तयार होते आणि सांगाडा आतून सुटतो. समृद्धी महामार्गासारख्या ७०१ किलोमीटरच्या सरळ काँक्रीटवर, ताशी १२० ने दोन-दोन तास न थांबता, हे फार लवकर होतं. पहाटे २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर आतून ५० अंशांवर गेला की मीटर ३७ दाखवतो. हे अपेक्षितच असतं. फूड प्लाझाला थांबून कुणी ती 'वाढलेली' हवा ३३ वर आणली, तर दुसऱ्या दिवशी पहाटे टायरमध्ये २९ च उरते. म्हणून हवा थंड टायरलाच मोजायची आणि आकडा गाडीवरच्या स्टिकरचा घ्यायचा. पूर्ण भार असेल तर त्याच स्टिकरवर वेगळा, वाढीव आकडा असतो. नायट्रोजनसाठी जादा पैसे द्यायची गरज नाही.

फिटिंगच्या वेळी चहाला जाऊ नका, मशीनजवळ उभे राहा. रिमची कड तारेच्या ब्रशने साफ झाली का? जुना रबर व्हॉल्व्ह कापून नवा लावला का? टायर चढवताना बीडला, म्हणजे रिममध्ये बसणाऱ्या टायरच्या कडेला, साबणाचं पाणी किंवा पेस्ट लावली का, की कोरडाच पहारीने ढकलला? कोरड्यात बीड फाटतं आणि मग हवा रोज थोडी थोडी कमी होत राहते, पंक्चर काही सापडत नाही. आय२० मध्ये व्हॉल्व्हच्या बुडाशी हवेचा सेन्सर असतो. पहारीचा एक चुकीचा दाब, की तो तुटलाच. हे मिस्त्रीला आधीच सांगा. नक्षी असममित, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या बाजूला वेगळी, असेल तर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेरच दिसली पाहिजे. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त होते. पिवळा ठिपका टायरची हलकी जागा दाखवतो, तो व्हॉल्व्हजवळ आणावा. बॅलन्सिंगला एका बाजूला साठ ग्रॅमहून जास्त शिसं लागतंय असं दिसलं, तर वजनांची रांग चिकटवू देऊ नका. हवा काढून टायर रिमवर अर्धा फिरवायला सांगा, बहुतेक वेळा आकडा उतरतो.

अलाइनमेंटची छापील पट्टी मागा, आधीची आणि नंतरची. या सगळ्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं जोडणारा एकसंध दांडा, आहे. त्यामुळे मागचा टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय) किंवा कॅम्बर (चाक उभं किती कललंय) जुळवायला मुळात काही स्क्रूच नाही. पुढेही नेहमीच्या अलाइनमेंटमध्ये जुळतो तो टोच. 'फोर व्हील अलाइनमेंट केली' म्हणून मागच्या चाकांचे वेगळे पैसे लावले असतील तर नेमकं काय फिरवलं ते विचारा. मागचे आकडे खरंच मर्यादेबाहेर असतील तर बीम किंवा चाक बसतं तो स्टब वाकलाय, ते अलाइनमेंटचं काम नाही. पुढचा टो चुकलेला असेल तर तळहात नक्षीवरून आडवा फिरवल्यावर एका दिशेला गुळगुळीत लागतो आणि उलट दिशेला करवतीसारखा टोचतो. असा टायर नवा असला तरी काही हजार किलोमीटरांत आवाज करू लागतो.

शेवटी नट. न्यूमॅटिक गनने आवळून सोडून देऊ नये, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) ताऱ्याच्या आकारात, समोरासमोरचे घेत आवळावेत. फोक्सवॅगन-स्कोडाला नट नसून बोल्ट असतात, त्यांना १२० न्यूटन-मीटर. ह्युंदाईला १०७ ते १२७. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासा. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या रसायनाचा पातळ थर असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर घाटात हौस करायची नाही, विशेषतः पाऊस असेल तर. व्हर्टसला हवेचा वेगळा सेन्सर नसतो, ती चाकाच्या फिरण्यावरून अंदाज घेते. त्यामुळे हवा भरून झाली की पडद्यावर जाऊन नवा दाब साठवून घ्या, नाहीतर पुढे कधीतरी उगाचच पिवळा दिवा लागायचा.