चिकलठाण्याहून परदेशी जाताना एअर इंडिया: कधी घ्यावी, कधी नको

एअर इंडिया सर्वात मोठी आणि राष्ट्रीय कंपनी, म्हणून तिचंच तिकीट घ्यावं, असं काहींना वाटतं. पण ‘सर्वात मोठी विमान कंपनी’ ही मोजपट्टीगणिक बदलते. उत्पन्नात अमेरिकेची डेल्टा वरच्या जागी, तर सर्वाधिक देशांत जाण्यात टर्किश एअरलाइन्स. देशांतर्गत प्रवाशांत इंडिगो एअर इंडियाच्या कितीतरी पुढे आहे. शिवाय २७ जानेवारी २०२२ पासून एअर इंडिया टाटांची आहे, त्यामुळे राष्ट्रीय कंपनी म्हणून तिकीट घेण्यात अर्थ नाही.

मराठवाड्यातून अमेरिका-युरोपला जाणाऱ्यांसाठी तिची खरी किंमत वेगळीच आहे: छत्रपती संभाजीनगर ते परदेश, सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर. पहिलं विमान लेट होऊन पुढचं चुकलं, तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची. दोन वेगळी तिकिटं काढलीत तर ती जोखीम तुमची, आणि मुंबईत बॅग उचलून पुन्हा चेक-इनही तुम्हीच करायचं. सामानाची मर्यादाही एकाच तिकिटावर आंतरराष्ट्रीय धरली जाते; सुटं तिकीट असेल तर देशांतर्गत टप्प्यावर जास्तीच्या किलोंचे पैसे मोजावे लागतात.

चिकलठाण्याच्या, म्हणजे संभाजीनगर विमानतळाच्या, काउंटरवर बॅगेचा टॅग स्वतः वाचा. शिकागोला जाताय तर त्यावर ओआरडी हा तिथल्या विमानतळाचा कोड हवा. नुसतं बीओएम (मुंबई) किंवा डीईएल (दिल्ली) दिसलं तर बॅग पट्ट्यावरून पुढे सरकण्याआधी बदलून घ्या. कोणतीही एक बॅग ३२ किलोंवर जाऊ देऊ नका, पैसे भरूनही ती घेत नाहीत. येताना मात्र उलटं असतं: साधारणपणे भारतातल्या पहिल्या विमानतळावरच बॅग उचलायची, कस्टम्समधून न्यायची आणि पुन्हा द्यायची. त्यामुळे परतीला मध्ये चार तास तरी ठेवा. दिल्लीमार्गे असाल तर देशांतर्गत विमानाचं टर्मिनल तपासा. टी-३ (टर्मिनल ३, जिथे एअर इंडियाचं परदेशातलं विमान उतरतं) नसेल तर टर्मिनल बदलण्यात वेळ जातो.

विमान कोणतं तेही बुकिंग करतानाच पाहा. एअरबस ए३५० चांगलंच आहे. नूतनीकरण न झालेल्या बोइंग ७७७ मध्ये मात्र चौदा-पंधरा तास काढणं जिवावर येतं, समोरचा स्क्रीन चालेलच असं नाही. स्वतःच्या टॅबमध्ये काहीतरी भरून न्या.

डीजीसीए ही विमान वाहतुकीची सरकारी नियामक संस्था दर महिन्याला वक्तशीरपणाचे आकडे देते, पण ते मोजक्या मोठ्या विमानतळांवरचे असतात. चिकलठाण्याचं विमान किती वेळा उशिरा सुटतं हे त्यातून कळत नाही. इंटरनेटवर फ्लाइट नंबर टाकून मागच्या काही दिवसांच्या वेळा पाहा.

दुबई-आखातापुरतं जायचं असेल तर हा खटाटोप नको. समृद्धी महामार्गाने किंवा वंदे भारतने मुंबई गाठा, तिथून जे स्वस्त आणि थेट मिळेल ते घ्या.